सतरा तासांचं इंजिन

सोमवार, ३ मार्च

इंजिन उघडलं. आणि मीटर पुन्हा दोनदा बघितलं!

मीटर म्हणतं सतरा तास. पिस्टन म्हणतो पन्नास! बाजूचा काळा लेप पार घासून गेलाय. सिलिंडरवर उभे ओरखडे. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली केला तर टक्-टक् वाजतो. सतरा तासांपूर्वी हे सगळं नवंकोरं मी माझ्या हातानं घातलं होतं. चिखलातल्या मोटरसायकल शर्यतीचं इंजिन लवकर झिजतं, मान्य. म्हणून तर आमच्यात किलोमीटर नाही, तास मोजतात आणि तिसाव्या तासाला पिस्टन बदलतात. पण सतरा म्हणजे काहीच नाही.

धाकटा भाऊ दोन आठवडे सांगत होता — गाडी गरम झाली की सुरू होत नाही, वरच्या वेगाला ओढ नाही. मी म्हटलं होतं, तुझंच मनगट ढिलं पडलंय. गाडी तो पळवतो आणि अक्कल मी शिकवते! आता ते शब्द गिळायचे.

रविवारी निवडीची शर्यत. पहिल्या पाचांत आला तर संघात. हातात पाच दिवस.

मंगळवार, ४ मार्च

शेवटी बोललाच. चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

"ताई, रविवारचं तूच कर, आता दुसरीकडे द्यायला वेळ नाही. पण पुढच्या सीझनला इंजिन मी हातमोजेवाल्याकडे देतो."

हातमोजेवाला म्हणजे तो मोठ्या गॅरेजचा मालक. पांढरे हातमोजे घालून इंजिन उघडतो, जसं काही ऑपरेशनच! संघातली सगळी पोरं त्याच्याकडेच जातात. आठ वर्षं धाकट्याचं इंजिन मी बांधतेय. मी "बघू" म्हटलं आणि सकाळीच झाडलेली शेड पुन्हा झाडायला घेतली.

बाबा तिथेच होते. मला हे काम त्यांनीच शिकवलं. स्वतः बावीस वर्षं शर्यती केल्या; दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर अन् आई दोघांनी मिळून गाडी बंद केली. मी त्यांना विचारलं, माझं काय चुकलं? ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "होतं कधी कधी."

होतं कधी कधी? फडक्याचा एक तंतू आत राहिला म्हणून माझ्याकडून तीनदा कार्ब्युरेटर खोलून घेणारा हा माणूस! इतकी का मी कामातून गेले? रडले नाही.

गुरुवार, ६ मार्च

एक-एक संशयित तपासला. एअर फिल्टरमधून धूळ आत जाते का? इनटेकच्या नळीतून पांढरं फडकं फिरवलं — स्वच्छ. ऑइल वेळेवर बदललेलं, पंपही ठीक. बेअरिंगची बैठक बरोबर. मीटरवर शंका घ्यायचं कारण नाही. रायडर खोटं बोलेल, मीटर नाही, ही बाबांचीच शिकवण. मग उरले कोण? मी.

ठीक आहे. माझं चुकलं असेल तर दुरुस्तही मीच करणार.

लेथवाल्या काकांनी क्रँकमध्ये नवा रॉड प्रेस करून दिला. डायल लावून सरळ फिरतो का ते बघितलं आणि नुसते हसले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पदकच.

शुक्रवार, ७ मार्च

नवे व्हॉल्व्ह बसले. नवा पिस्टन, नवा सिलिंडर बसला. पिस्टनची पिन धरणाऱ्या दोन्ही जुन्या क्लिपा मोजून डब्यात टाकल्या — आत एक जरी राहिली असती तरी इंजिनाचा खुळखुळा!

शनिवार, ८ मार्च

सुरू करण्याआधी क्रँक हातानं पुरे दोन फेरे फिरवला. कुठे अडत नाही. मग तीनदा गरम केलं, तीनदा थंड होऊ दिलं. आवाज असा एकसारखा की मलाच माझं कौतुक वाटलं.

बाबांनी इंजिनाच्या अंगावर तळहात टेकवला. "छान बांधलंयस," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. कीव करतात माझी! फार राग आला. करू देत. उद्या दिसेलच.

रविवार, ९ मार्च

चौथा!!

दुसऱ्या फेरीत वळणावर घसरून पडला. इंजिन तापलेलं. आणि एका बटणात सुरू! त्यानंतर सहा जणांना मागे टाकलं. शेवटपर्यंत साधं खोकलंसुद्धा नाही. धाकटा संघात. आई मला चिखलासकट बिलगली.

सोमवार, १० मार्च

हातमोजेवाला परवा इंजिन बघायला येतोय. तरीही!

धाकटा म्हणाला, "एका शर्यतीवरून काय सांगणार, ताई? मागचं का गेलं ते तुलाही सांगता येत नाही."

बरोबर आहे त्याचं. तेच तर झोंबलं. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. जुने भाग पेपरवर मांडलेत. कारण सापडेपर्यंत मी हे सोडणार नाही.

मंगळवार, ११ मार्च

सगळं पुन्हा मोजलं. नाही सापडलं. उद्या परत पहिल्यापासून.

बुधवार, १२ मार्च

हातमोजेवाला आला. जुना पिस्टन उचलून विचारलं, किती तास? मी म्हटलं सतरा. तो हसला.

दारातून बाबा म्हणाले, "इंजिन तिचं बरोबर होतं. तास माझे होते."

चार महिने! सकाळी शेड उघडायला म्हणून लवकर जायचे, मीटरची वायर सोडवायचे, मागच्या मैदानावर तास-तास गाडी मारायचे. मग धुऊन-पुसून वायर परत जागेवर. धाकट्यानं हातमोजेवाल्याला आल्या पावली परत पाठवलं. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

नऊ दिवस मी स्वतःला दोष देत होते आणि बाबा नुसते बघत होते! राग आहे, चिक्कार आहे, उद्या काढणार. आज तोंडातून निघालं ते भलतंच. विचारलं, "पाठ दुखते का?"

बाबा म्हणाले, "गाडीवर असलो की नाही दुखत."