फुल बाह्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज चक्क कातडी खरवडून घेतली! कंबरेवरचं गजकर्ण, आता हातांवरही पसरलेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भुगा कागदाच्या पुडीत बांधला, मुंबईला तपासायला पाठवला. दोन वर्षं काय लावलंस, विचारलं. मी पर्समधून ट्यूब काढली. मेडिकलवाल्याची. चार दिवस खाज थांबते, पाचव्या दिवशी दुप्पट. बाईंनी ती तिथेच डब्यात फेकली. म्हणाल्या, "हिनंच माजवलंय त्याला."

१७ मेला माझी हळद. साखरपुड्याला फुल बाह्यांचा ब्लाऊज शिवून निभावलं, मिथुनच्या घरी कुणाला पत्ता नाही. पण हळदीत? पन्नास बायका हातांना, गळ्याला चोळणार. बघतील, तोंडं वाकडी करतील, त्याच्या घरी सांगतील. लग्न मोडेल माझं!

५ फेब्रुवारी

खाज. बस्स.

३ मार्च

रिपोर्ट आला. नेहमीच्या गोळीला ही बुरशी दादच देत नाही! म्हणजे माझी चूक नव्हती. आई दोन वर्षं म्हणतेय, तू नीट आंघोळ करत न्हाय. आज तिलाच रिपोर्ट वाचून दाखवला – दोनदा.

वेगळ्या कॅप्सूल सुरू. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. कुणाचा टॉवेल घ्यायचा नाही, कुणाच्या अंगाला लागलेलं काही आपल्या अंगाला लावायचं नाही. आणि आमच्याकडे तीन माणसांत एक टॉवेल! मी तीन आणले, तीन रंगांचे. आई म्हणाली, "हॉटेल हाय का आपलं?" 

११ मार्च

बाबांच्या मांडीवर तसाच गोल चट्टा निघाला. आईनं स्वतःच तीन टॉवेल तीन खुंट्यांना टांगले. दोघांनाही दवाखान्यात ओढत नेलं.

१३ एप्रिल

कंबर साफ! हात अर्धे साफ. वडपे गावातल्या गोदामात दिवसभर बॉक्स उचलून घामाघूम होते, तरी खाज नाही. सोबतची रिया म्हणाली, बरं झालं ना, आता बंद कर, लिव्हर जाईल. मुळीच बंद करणार नाही. मागे दर वेळी हेच केलं, म्हणून तर मेलं परत परत आलं.

मिथुन खारबावला आमच्या घरी आला होता. नारपोलीत कापडाच्या लूमवर मास्टर आहे तो. एवढ्या उकाड्यात फुल बाहीचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं! हिरो कुठला. आवडला मात्र.

८ मे

बाईंनी भिंगातून बघितलं. साफ! तरी पंधरा दिवस अजून घे म्हणाल्या. मी उष्ट्या हळदीचं विचारलं – नवऱ्याच्या अंगाची उरलेली येते, ती आधी मला लागणार. त्यांनी सरळ 'लावायची नाही' म्हणून सांगितलं. आत्याला कळवलं तर ती पेटलीच. "उष्टी हळद लागल्याबिगर नवरी कसली? अपशकुन हाय." आता काय करू? एवढी लढले ती वाटीभर हळदीपायी हरू?

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

पांढरी साडी. अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज! दोन वर्षांनी. विहारात वंदनेला हात जोडले आणि स्वतःचेच दंड बघत बसले. डोळे भरून आले. लाज नाही वाटत सांगायला.

१७ मे

अजब झालं. दुपारी मिथुनच्या आईचा फोन – उष्टी हळद पाठवत नाही, तुमची ताजी लावा. आत्याचा चेहरा पडला. आपला अपमान केला, असली कसली सोयरीक, म्हणत अंगणभर फिरत होती. मी तोंडावर पदर घेऊन हसत होते. देव पावला म्हणायचं की काय, पण सुटले!

पन्नास बायकांनी चोळ चोळ चोळलं. एकीला काही दिसलं नाही. दिसायला होतंच काय!

१८ मे

लग्न झालं. जिंकले मी.

१९ मे, सोमवार

सकाळी मिथुन शर्ट काढेना. मग काढला. दंडापासून मनगटापर्यंत चट्टे. म्हणाला, "हळद मीच अडवली. तुला लागू नये म्हणून."

उशीखाली ट्यूब. तीच! मी कचऱ्यात टाकली आणि माझं सगळं सांगितलं. आज दवाखाना चालू आहे, रिक्षा बोलावलीय. रुखवतात आईनं दोन टॉवेल ठेवलेत, वेगवेगळ्या रंगांचे.