बेचिराख वस्तीतले दिवे

५ जानेवारी
मी बोलते, नातसून मंदा लिहिते. बीडच्या कचेरीत माणूस मावंना, म्हणून जिल्ह्याचे दोन जिल्हे करणार म्हणं. नव्याची कचेरी आमच्या माळावर. म्हंजी कलेक्टर माझा शेजारी. विरजण मागायला आला तर देईन. वाटी मात्र परत मागीन.

८ जानेवारी
पंचायतीत नकाशा लावलाय. मंदानं बोट ठेवून वाचला. आमच्या वस्तीवर कचेरीचा चौकोन, घर एक बी न्हाई. तलाठ्याला इचारलं, आमी कावून न्हाई? म्हणाला, "आजी, मोजणीला आले तवा सगळ्या दारांना कुलपं. वस्ती बेचिराख लिवलीय."
बेचिराख. चिराग म्हंजी दिवा. जिथं दिवा लागत न्हाई ते गाव.
बाकीचे ऊसतोडीला गेलते, दरसाल जातात. मी अन् मंदा तेवढ्या मागं, तिला दिवस गेलेत म्हणून. अन् मोजणीच्याच दिवशी आमी कपिलधारच्या यात्रेला गेलतो.
मंदाला इचारलं, मी जिती हाय का गं? "बोलताय म्हंजी हायच."
तिचं पोर जन्मल्यावर गाव काय लिवायचं?

९ जानेवारी
लेकाला, दत्तूला, फोन लावला. त्यो तिकडं उसाच्या फडात, टोळी सोडून येता येईना. म्हणाला, "आई, तू हायस ना तिथं?" हाय म्हणाले. अन् फोन मीच आधी ठेवला. जन्मात पहिल्यांदा. मंदा, हसू नको, लिही.

१६ जानेवारी
कचेरीचे साहेब जागा बघायला येणार, म्हणून कणकेचे दिवे केले. दर कुलपाखाली एक. वाटलं सांजेला येतील, तर आले भर दुपारी. तरी लावले. वारं लई, मंदा पदराचा आडोसा धरून दारोदार.
"आजी, उन्हात दिवे?"
"तुमीच लिवलंय साहेब, हितं चिराग न्हाई. बघून घ्या."
हसतील वाटलं. हसले न्हाईत. फोटो काढले, वर कळवतो म्हणाले. वर म्हंजी कुठं, ते न्हाई सांगितलं. हसले असते तर बरं वाटलं असतं.

२४ जानेवारी
वरून काई न्हाई. पंचायतीत नकाशा तसाच.
दत्तूचा फोन. त्याचं घर माझ्या समोरच. "कुलूप हाय ना दाराला?" हाय म्हणाले.
"अन् दिवा?"
कुणी सांगितलं त्याला कोण जाणे. मंदा मान खाली घालून लिहितीय.
लागतोय म्हणाले, रोज, सगळ्यांच्या दारात. तू येईस्तवर इझवू नको म्हणून वाऱ्याला तेवढं सांग.