समासातला शेरा

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोटदुखीसाठी स्कॅन केला. खडे सापडले नाहीत, पण डाव्या किडनीत लिंबाएवढी गाठ सापडली. एक डॉक्टर म्हणतात, कॅन्सर धरून चालू, किडनी काढू. दुसरे म्हणतात, गाठ निरुपद्रवीही असेल, सुईने तुकडा काढून बघू. तोही बघून झाला, तर रिपोर्टात दोन्ही शक्यता लिहिल्यात! माझं डोकं चालेनासं झालंय. शेवटी बावीसला ऑपरेशन ठरवून टाकलं.

तू जन्मभर लॅबमध्ये काचपट्ट्या केल्यास, म्हणून सगळे कागद पाठवतोय. सुटे बघवेनात, म्हणून कडा कापून छान बांधलेत. बाइंडरचा हात, दुसरं काय!

रागावू नकोस, माया असू दे.
तुझा ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, आजारपणाचंही पुस्तक केलंस! बांधणी सुरेख, पण वाचून मीही गोंधळले. कॅन्सरची आणि निरुपद्रवी, या दोन्ही प्रकारच्या गाठींच्या पेशी सारख्याच गुलाबी, दाणेदार दिसतात. भल्याभल्यांची फसगत होते. अशा वेळी वेगळे रंग देऊन पुन्हा बघतात. आमचे डॉक्टर तसा शेरा समासात पेन्सिलीने लिहायचे, आणि तुझ्या कागदांना समासच उरलेला नाही! कात्रणं शोध, नाहीतर लॅबला विचार. मला गाठीपेक्षा त्या बावीस तारखेची भीती वाटतेय.

जिवाला जप.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कात्रणांचं अख्खं पोतं उपसलं. बायकोला वाटलं, नवरा कामातून गेला. कापलेल्या समासाची पट्टी सापडली. रंग देणं बाकी आहे, तोवर निर्णय नको, असं तिच्यावर लिहिलं होतं. मीच कापली होती गं!

लगेच लॅब गाठली, त्यांनी रंग देऊन बघितलं. काल निकाल आला: गाठ बहुधा निरुपद्रवी. ऑपरेशन थांबवलंय. पण सुईच्या तुकड्यावरून पक्कं सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, असं डॉक्टर म्हणाले. मग मी आजारी की बरा? बायको विचारते, तिला काय सांगू?

तुझाच,
ढब्बू

२० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

मलाही ठाऊक नाही रे. तुला कधी सांगितलं नव्हतं, काढलेल्या किडन्या आमच्याच टेबलावर यायच्या. काहींतली गाठ साधी निघायची. मी काचपट्टी करून पुढच्या कामाला लागायचे, माणसाचं नावसुद्धा वाचत नसे. तुझं पत्र आल्यापासून ती सगळी माणसं डोळ्यांसमोर येतात आणि रडू येतं.

बायकोला सांग, किडनी जागेवर आहे. स्कॅनच्या दिवशी मी येतेय. आत तुला एकट्यालाच नेतील, पण बाहेर बाकावर मी असेन.

पत्र पाठवत राहा, एवढंच मागते.
ताई