ॲग्नेसबाईंचा कोको

शनिवार, संध्याकाळ

आज शलाकाने माझ्या ॲग्नेसबाई चोरल्या. दुसरा शब्द सुचत नाही.

पाया लेबार भागात एका मैत्रिणीच्या काँडोत, तिच्या फ्लॅटवर, आम्ही मराठी मंडळी जमलो होतो, आणि शलाका आमच्या ग्रेनाडाच्या प्रवासाबद्दल बोलत होती. त्या बेटावर दोघी महिनाभर होतो. ती रिसॉर्टमध्ये, मी ॲग्नेसबाईंच्या घरी, मागच्या खोलीत. बसमध्ये चढताना सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं असतं, हे मला त्यांनी शिकवलं. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा जायफळ घालून कोको केला आणि सकाळपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

आणि शलाका सांगते, “मला ताप आला, तर माझ्या घरमालकिणीने जायफळाचा कोको करून पाजला!” सगळे खूश. माझ्याकडे वळून म्हणते, “हो ना गं, मेधा?”

मी मान डोलावली. का डोलावली?

परत येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये विचारलं, “त्या तुझ्या घरमालकीण कधी झाल्या?”

“अगं, तू सांगितलं असतंस तर सगळे रडले असते. पार्टी होती ना!”

म्हणजे तो कोको कशासाठी होता, ते तिच्या पक्कं लक्षात होतं. विसरली असती तर चाललं असतं मला.

उतरताना म्हणाली, “पुढच्या महिन्यात लायब्ररीत बोलायला बोलावलंय. ॲग्नेसचं आडनाव काय होतं गं?”

“आठवत नाही,” मी म्हटलं.

आठवतंय. पण ते इथेसुद्धा लिहिणार नाही.