‘नाही’ आणि ‘आढळला नाही’

सौभाग्यवतीस सप्रेम आशीर्वाद.

डासांपासून होणाऱ्या विषाणुजन्य तापाचा येथे कितपत धोका आहे, याची पाहणी संपत आली आहे. अहवालाची भाषा तपासणे एवढेच माझे काम. तरी काल वाद झालाच.

“या वस्तीत धोका नाही,” असे तरुण डॉक्टरीणबाईंनी लिहिले होते. मी “धोका आढळला नाही” अशी दुरुस्ती केली.

“आजोबा, दोन्ही एकच ना? उगाच शब्दांचा कीस काढता!”

“एकच कसे? गच्चीवरच्या टाक्या उघडून पाहिल्यात?”

“कुलपं होती हो.”

“मग नुसते ‘नाही’ म्हणण्याचा तुम्हाला अधिकार नाही.”

त्या हसल्या, पण आज किल्ल्या मागवून स्वतः वर चढल्या. दोन टाक्यांत अळ्या वळवळत होत्या. वाक्य आता समूळ बदलले आहे.

तुझा गुडघा कसा आहे? कुंड्यांखालच्या बशा कोरड्या ठेवतेस ना?

माझ्या प्रकृतीविषयी विचारलेस. मला ताप आढळलेला नाही.

हे वाक्य तू दोनदा वाचशील, म्हणून खुलासा करतो: तो मोजलेलाच नाही. सकाळपासून अंग कसकसते आहे. हे पत्र पेटीत टाकून थेट दवाखान्यात जातो.

तुझाच,
कीस काढणारा