घडीव क्रँक आणि आर्विडचे कान

४ मे
नवऱ्याचा दोस्त काझ पुन्हा उगवला! या खेपेला पोत्यात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा कणाच, घेऊन. जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलाय – घडीव पोलादाचा, आणि आमच्या इंजिनात "डोळे मिटून बसेल" म्हणे. आमच्या गाडीतला ओतीव लोखंडाचा आहे. तो सप्टेंबरच्या शर्यतीत मोडणार आणि आर्विडच्या मांडीत येऊन पडणार, हे काझचं भाकीत जुनंच. आर्विडचं उत्तरही जुनंच: ओतीवही टिकतो, चालवणाऱ्याला कान हवेत. जेवणाच्या टेबलावर तो जड, वाकडातिकडा प्राणी ठेवून दोघं संध्याकाळभर भांडले. मी भाजलेली रूबार्बची गोड पाई मात्र एकमताने संपवली.

शेवटी पोलाद जिंकलं.

११ मे
ट्रॅकवर सरावाचा दिवस. जुन्या इंजिनाची ही शेवटची धाव. माझ्याकडेही शर्यतीचं लायसन्स आहे, म्हणून मलाही दोन फेऱ्या मिळतात – पाठीशी दोन उशा घेऊन! सीट आर्विडच्या लांब टांगांना बेतून गाडीच्या तळाला बोल्टने जखडलेली. पुढे घे म्हटलं की ठरलेलं वाक्य: "सीट हलणार नाही, लेनोर. उशा हलव." ट्रॅकवर सगळे मला उशीवाली म्हणतात. म्हणोत. वळणं मी त्याच्यापेक्षा बरी घेते.

२५ मे
हसू की रडू! इंजिन जोडून गाडीत बसवलं, आणि गिअरबॉक्स काही त्याला भिडेना. दोन बोटं अंतर. दोघांनी ढकललं, शिव्या दिल्या, मलाही ढकलायला लावलं. मग काझ खाली वाकला आणि बोटाने चाचपू लागला. क्रँक निघाला ऑटोमॅटिक गाडीतला! गिअरबॉक्सचा दांडा क्रँकच्या शेपटाकडच्या भोकात शिरतो. ऑटोमॅटिकला ते भोक लागत नाही, म्हणून कारखान्यात कोणी पाडलंच नव्हतं. लोखंड की पोलाद यावर एवढं रण माजवलं, पण शेपूट उलटून बघायचं कोणाला सुचलं नाही. मी म्हटलं, "वरात दारात, आणि दाराला कुलूप!" काझ हसला. आर्विड नाही. रागावला होता की त्याला ऐकूच आलं नाही, हे हल्ली मला कळत नाही.

८ जून
आता म्हणे जुना क्रँकच बरा. आज त्याची परीक्षा झाली. क्रँक दोरीने वाशाला टांगायचा आणि हातोडीने टोला द्यायचा. धड असेल तर कितीतरी वेळ घुमतो, तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. आर्विडने टोला दिला, डोळे मिटले, म्हणाला, "ऐक. घंटा!"

बद्द वाजला होता. सगळा जन्म चर्चमध्ये ऑर्गन वाजवत काढलाय, मला एवढं कळतं. तसं म्हटलं, तर म्हणतो तुझे कान भजनांचे आहेत, इंजिनाचे नाहीत. ऐकावे जनाचे, करावे मनाचे – आमच्या घरी पहिला अर्धा केव्हाच गळून पडलाय.

पण भीती वाटते. भर वेगात हा तुटला तर आत आर्विड असणार.

९ जून
आमच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारणीचं कुत्रंही ऐकतं.

१३ जून
आर्विड केस कापायला गेला तेव्हा जुना क्रँक काझच्या ट्रकमध्ये घातला आणि इंजिनाचे भाग तपासून देणाऱ्या वांडाच्या वर्कशॉपला नेला. वाटेत काझ म्हणाला, "वहिनी, तो हल्ली गिअर उशिरा टाकतो. मला वाटलं, वय झालं." गिअर टाकायचा तो इंजिनाचा आवाज ऐकून. म्हणजे त्यालाही जाणवलं होतं! वांडाने क्रँकला चुंबक लावून वरून तड्यात अडकून चमकणारी पूड टाकली, दिवा धरला. कोपऱ्यात केसाएवढी हिरवी रेघ. कितपत टिकला असता, विचारलं. ती म्हणाली, "घरच्या भिंतीवर टांगला तर जन्मभर."

पोलादी क्रँकला भोक पाडून देते म्हणाली. म्हणजे एवढंच करायचं होतं!

संध्याकाळी तिघं नेहमीप्रमाणे मासे खायला गेलो. काझ आणि मी ताटात डोकं घालून बसलो.

१४ जून
आर्विडला सांगितलं. आधी चिडला – न विचारता नेलाच कसा! मग बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. साखर घालत नाही तो.

"टोला मारला तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही," म्हणाला. "काही म्हणजे काहीच नाही."

"मग घंटा कशाला म्हणालास?"

"पूर्वी वाजायची ना."

चिडवायला तोंड उघडलं होतं. त्याऐवजी त्याचा हात धरून बसले. फार वाईट वाटलं.

५ जुलै
इंजिन सुरू झालं! गिअरबॉक्स एका दमात बसला. काझ अंगणभर मिरवतोय, जसं काही भोक त्यानेच पाडलं. आर्विड इंजिनावर तळहात ठेवून उभा होता. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या – कसं वाजतंय? मी मान डोलावली. छान वाजत होतं, खरंच.

शर्यतीचं नाव काढत नाही. मीही विचारत नाही. नाही जायचं म्हणाला तर काय बोलू?

१० जुलै
गॅरेजचं दार बंद करून आत काहीतरी ड्रिल करत असतो. दार ठोठावून उपयोग काय!

१२ जुलै
माझ्या दोन्ही उशा गॅरेजबाहेर खुर्चीवर. आत कोणी नव्हतं. गाडीत जाऊन बसले. सीटखाली बोल्टची नवी भोकं.

पाय पेडलला पुरले.