आठवी जागा आणि लातूरचं सारवण

हैदराबाद

प्रिय सिंधू,

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. तिसरीतून शाळा सुटलेल्याच्या हाती रॅकेट बरी बसते, पेन न्हाई. इथं माझं ठीक चाललंय. सकाळी क्लबातल्या साहेब लोकांना टेनिस खेळवतो, बेतानं हरतो, त्यांना बरं वाटतं.

नांदेडला वर्षाच्या शेवटी आम्हा मार्कर लोकांची, म्हणजे क्लबात पगारावर खेळवणाऱ्यांची, मोठी स्पर्धा असते, तुला ठाऊकच हाय. वर्षभराच्या गुणांवर पहिले आठच जण घेतात. आठवा मी, नववा तुमच्या लातूरचा बसवंत, आणि उरलीय फक्त लातूरची स्पर्धा. खरं सांगू? तिकडच्या दुष्काळाचं ऐकून मला आतून बरंच वाटलं होतं. गुरं छावणीला गेली, शेण न्हाई, पाणी न्हाई. कोर्ट सारवणार कशानं आणि खेळणार कुठं? स्पर्धा रद्द झाली की जागा माझी. आठात आलो की तुझ्या आईपुढं, पारूमावशीपुढं, आपल्या लग्नाचा विषय काढायला तोंड राहील, असं धरून चाललो होतो.

अन् परवा रेणापूरचा शेषेराव कामाच्या शोधात इथं आला. चहा पिता पिता म्हणाला, "लिंबाजी, तुझी आठवी जागा सिंधूनं सारवून टाकली की रे." कोर्ट तयार हाय, स्पर्धा होणार, असं म्हणून मग एकेक सांगत गेला. मावशीची कंबर धरली म्हणून कोर्टाचं काम तू घेतलंस. छावणीतून शेण आणायला बसवंतानं सायकल काढली, तुला संगं नेलं, पाण्याच्या घागरीही त्यानंच वाहिल्या. मजुरीचं काम हाय, मला कळतं. लातूर जिल्हा झाला, साहेब आले, क्लब झाला, म्हणून तुमच्या घरी चार पैसे येतात, तेही कळतं. पण तू मागं कॅरिअरवर बसली होतीस का पुढं दांडीवर, हे मी शेषेरावाला फिरून फिरून विचारलं. त्यानं हसून दुसरा चहा मागवला. डाव्या बाजूचा चेंडू बसवंताला अजून धड मारता येत न्हाई, हे कुणी सांगितलंय का तुला? मिशी ठेवल्यानं खेळ सुधारत न्हाई.

हे काम सोड, असं लिहायलाच बसलो होतो. तसं लिहीत न्हाई. सारव, लई गुळगुळीत सारव. लातूरच्या स्पर्धेत मीही नाव दिलंय. रजा मिळाली न्हाई. मॅनेजर म्हणतो, गेलास तर परत येऊ नकोस. तरी निघालोय. बाजू बदलायला खेळणारे थांबले की कोर्ट सारवणारीच पाणी घेऊन येते, ही तुमच्या क्लबातली रीतच हाय. बसवंताशी माझी गाठ पडेल, तेव्हा तांब्या तुझ्याच हातात असेल, अन् यंदाच्या दुष्काळात तो भरलेला नसेल, एकालाच पुरेल. चार लोकांसमोर तो आधी कुणापुढं धरतेस, तेवढं बघायला येतोय.

अजून तरी तुझाच,
लिंबाजी